ब्रिटनची ‘एकॅस’ सेवा: तडजोड मोफत, वसुलीची धावपळ तुमची

ब्रिटनमध्ये पगार अडला किंवा नोकरीवरून काढलं, तर बहुतेक दाव्यांत ट्रायब्युनलआधी (म्हणजे कामगार न्यायाधिकरणाआधी) ‘एकॅस’ ही मालक-कामगार वादात तडजोड घडवणारी संस्था गाठावीच लागते. सेवा मोफत आहे, मध्यस्थ दोन्ही बाजूंशी बोलतो.

एकॅसच्या फॉर्ममध्ये मालकाचं नाव दुकानाच्या पाटीवरून उतरवू नका, पगारपत्रकावरचं कायदेशीर नाव टाका. एकॅसच्या प्रमाणपत्रात एक आणि ट्रायब्युनलमधल्या दाव्यात दुसरंच नाव असेल, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. दाव्यासाठी एकॅसकडे जाण्याची मुदत साधारण ३ महिन्यांना १ दिवस कमी. ती ६ महिने करण्याची तरतूद २०२५ च्या रोजगार हक्क कायद्यात आहे, आणि ती हवीच होती. एकॅसमधल्या तडजोडीचा काळ मात्र १ डिसेंबर २०२५ पासून ६ ऐवजी १२ आठवडे झाला. घरभाडं थकलेल्याला तो फार लांब आहे. मध्यस्थाला तोंडी होकार दिला तरी करार बंधनकारक ठरतो, म्हणून रक्कम, तारीख, शिफारसपत्राचा मजकूर आधी लेखी मागवा.

खरं दुखणं निकालानंतर सुरू होतं. ट्रायब्युनल स्वतः वसुली करत नाही. मालकाने पैसे दिले नाहीत तर इंग्लंड-वेल्समध्ये काउंटी कोर्ट किंवा हायकोर्टाचा वसुली अधिकारी गाठा. पैसे न देणाऱ्या मालकाला दंड व्हावा म्हणून सरकारकडे तक्रार मोफत करता येते, पण तो दंड सरकारजमा होतो, कामगाराला मिळत नाही.