बंदूक-हिंसेवर संशोधन: पैसा वॉशिंग्टनचा घ्यावा की राज्याचा?

अमेरिकेत पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करून बंदूक-हिंसा प्रतिबंध हाच विषय धरायचा, असं ठरवलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. मी दोन्ही पैशांवर काम केलंय.

केंद्र सरकारच्या अनुदानाला वजन आहे, यात वाद नाही. १९९६च्या डिकी दुरुस्तीच्या वेळी (सरकारी पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायला मनाई करणारं कलम) अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संसदेने, सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेचे २६ लाख डॉलर काढून घेतले, नेमके या विषयावर खर्च होत होते तेवढेच. पुढे दोन दशकं विषय ओसाड पडला. २०२०च्या आर्थिक वर्षापासून सीडीसी आणि एनआयएच (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी केंद्रीय संस्था) यांना मिळून २.५ कोटी डॉलर मिळू लागले. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत असं अनुदान दाखवलं की निम्मं काम होतं.

पण ही तरतूद दरवर्षी नव्याने मंजूर व्हावी लागते. १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष सुरू झालं आणि बजेट लटकलेलंच राहिलं, की एनआयएच चालू अनुदानालाही साधारण ९० टक्केच सोडते. उरलेले १० टक्के कागदावर किरकोळ वाटतात. आमच्या प्रकल्पात (खातं कुठलं ते राहू दे) गोळी लागून इमर्जन्सीत आलेल्या पोरांशी बोलायला एक मुलगी होती. नातेवाइकांना जरा बाहेर बसवून, खाटेशेजारी खुर्ची ओढून, गप्पांगप्पांत सगळं काढून घ्यायची. तीन महिन्यांनी फोन करायचा, तर पोरं फक्त तिचाच उचलायची. मंजुरीचं पत्र येईना, तिचं कंत्राट संपलं आणि तिने दुसरी नोकरी धरली. मग पोरं अभ्यासातून भराभर गळाली. माझं मन तिथेच उडालं. ज्यांचा व्हिसा पगारावर टांगलेला आहे, त्यांना आणखी काय सांगू!

उलट कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये पाच वर्षांसाठी ५० लाख डॉलर ठरवून दिले. त्यातून यूसी डेव्हिस विद्यापीठात संशोधक गॅरन विंटेमूट यांचं बंदूक-हिंसा संशोधन केंद्र उभं राहिलं. रक्कम लहान, पण माणूस टिकवता येतो. शिवाय राज्याकडे बंदूक-खरेदीच्या नोंदी आहेत. केंद्र सरकारला बंदूक-मालकांची अशी नोंदवही ठेवायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. स्टॅनफर्डच्या २०२०च्या अभ्यासाला या नोंदी मिळाल्या, म्हणूनच २.६ कोटी प्रौढांवरून कळलं, की हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःवर गोळी झाडून मरण्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपास आठपट आहे.

खोट एवढीच, की कॅलिफोर्नियातले निष्कर्ष बंदुकीचे कायदे सैल असलेल्या टेक्साससारख्या राज्याला लागू पडतीलच असं नाही. आणि प्रत्येक राज्य काही इतकं उदार नाही. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठात असं संशोधन केंद्र आहे, पण बाकी ठिकाणी शोधावंच लागतं.

नुसत्या आकडेवारीवर काम असेल तर वॉशिंग्टनला अर्ज करा, मी नाही म्हणणार नाही. रुग्णांचा पाठपुरावा असेल, तर आधी राज्याचं दार ठोठावून बघा.