आसो की साकुराजिमा? (आई सोबत असेल तर)

जपानच्या क्यूशू बेटावर येऊन एकच ज्वालामुखी पाहायला वेळ असेल, तर पंचाईत होते खरी. आम्ही दोन्ही पाहिले, आईला घेऊन.

देखाव्यात आसोला तोड नाही. तिथल्या जागत्या शिखराच्या, नाकादाकेच्या, विवराच्या काठावर उभं राहायचं आणि खाली वाफाळणारं हिरवट पाणी बघायचं. दमा असणाऱ्यांना तिथं प्रवेश नाही, आणि वायू वाढला की सगळ्यांनाच खाली पिटाळतात. साकुराजिमाला विवर दिसतच नाही. २ किलोमीटरच्या आत कुणालाच सोडत नाहीत. ३७३ मीटर उंचीवरच्या युनोहिराच्या गच्चीवरून धुराचा झोत दिसतो, तोही डोंगराची मर्जी असेल तर. वर राख! माझ्या चष्म्यावरचे ओरखडे अजून गेलेले नाहीत.

तरी मला खटकलं ते आसोतच. काठावर काँक्रीटचे जाड आडोसे आहेत. १९५८ च्या स्फोटात १२ माणसं गेली, त्यानंतर बांधलेले. आई म्हणाली, "गारा आल्या की पत्र्याखाली पळतो, तसंच ना रे हे?" तसंच. म्हणून उभे होतो तिथून आडोशापर्यंत सहज पावलं मोजली, साठेक भरली. गुडघा सांभाळत आईला तेवढ्याला दीड मिनिट लागलं. दारात तिघं फोटो काढत उभी, मध्ये बाबागाडी आडवी. आता हिशेब बघा: किलोमीटरभर फेकला गेलेला दगड ढोबळमानानं पंधरा सेकंदांत खाली येतो. पुढचा अर्धा तास मी विवराकडं कमी आणि त्या दाराकडंच जास्त बघत होतो.

"इशारा पातळी १ च आहे की," असं कुणी म्हणेल. (जपानात ज्वालामुखीच्या धोक्याच्या १ ते ५ पातळ्या असतात, १ सगळ्यांत खालची.) जपानातल्याच ओन्ताके ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा, २७ सप्टेंबर २०१४ ला, शनिवारी भरदुपारी, १ च होती. ६३ जण गेले, त्यातले पाच अजून सापडलेले नाहीत; बहुतेकांचा जीव दगडांच्या माऱ्यानं गेला. आसोवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की २०२१ च्या ऑक्टोबरमधल्या स्फोटाआधी आठवडाभर पातळी वाढवून काठ बंद केला होता.

साकुराजिमाला पळायचा प्रश्नच कमी, कारण आपण मुळात लांब असतो. अगदी निर्धास्त तिथंही राहता येत नाही. जून २०२० मध्ये एक मोठा दगड विवरापासून ३ किलोमीटरवर, वस्तीजवळ येऊन पडला. जुलै २०२२ मध्ये अडीच किलोमीटरपर्यंत दगड गेले, तेव्हा पातळी थेट ५ केली होती. शाळेची पोरं हेल्मेट घालून जातात ती उगाच नाही.

तुमच्यात सगळे धडधाकट असतील, तर आसो बघाच. तसा काठ दुसरीकडं सहसा मिळत नाही. पण सोबत म्हातारं माणूस किंवा कडेवरचं पोर असेल, तर मी आपला कागोशिमा शहरातून साकुराजिमाची पंधरा मिनिटांची फेरीबोट पकडेन. चष्मा तेवढा जुना घाला.