कॉमिक स्ट्रिप कुठे वाचावी, राजकीय व्यंगचित्र कुठे?

छापील वर्तमानपत्रात चित्रपट्ट्यांचं पान आणि अग्रलेखाशेजारचं व्यंगचित्र एकाच घडीत हाती पडायचं. त्या सवयीने ऑनलाइन वाचणारा माणूसही दोन्हींसाठी एकच ठिकाण शोधत राहतो. माझ्या मते निवड तिथेच फसते. चित्रपट्टी रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षं वाचायची असते. तिला जुन्या पट्ट्यांचा साठा हवा आणि तिच्याबद्दल बोलायला तिला ओळखणारे जुने वाचक हवेत. राजकीय व्यंगचित्र शिळं व्हायला दोन दिवस पुरतात. त्याला तारीख हवी, बातमीचा संदर्भ हवा आणि ते काढणाऱ्याचा हात मोकळा हवा. या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की दोन्हींची सोय एकाच जागी चांगली होणं अवघड.

ढोबळमानाने पर्याय चार: सिंडिकेटच्या साइट, वर्तमानपत्राची स्वतःची साइट किंवा ॲप, समाजमाध्यमं आणि चित्रकाराचं स्वतःचं, ईमेलने येणारं न्यूजलेटर. यातले दोन खरे दावेदार आहेत, बाकीचे पूरक.

गोकॉमिक्स की कॉमिक्स किंगडम

सिंडिकेट म्हणजे चित्रकाराकडून पट्टी घेऊन ती अनेक वर्तमानपत्रांना पुरवणारी कंपनी. इंग्रजी पट्ट्यांच्या बाबतीत दोन नावं मोठी आहेत. गोकॉमिक्स ही अँड्र्यूज मॅकमील युनिव्हर्सलची साइट, तर कॉमिक्स किंगडम हर्स्टच्या मालकीच्या किंग फीचर्सची. प्रत्येकीकडे मुख्यतः आपापल्या घरचा माल असल्यामुळे ‘दोन्हींत चांगली कोणती’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. तुमचा जीव कोणत्या पट्टीत अडकलाय, यावर निकाल लागतो. पीनट्स, कॅल्व्हिन अँड हॉब्ज, गारफील्ड, डून्सबरी, नॅन्सी, पर्ल्स बिफोर स्वाइन हवं असेल तर गोकॉमिक्स. ब्लाँडी, पॉपाय, बीटल बेली, हेगार, प्रिन्स व्हॅलियंट, झिट्स, मट्स हवं असेल तर कॉमिक्स किंगडम. आपल्याकडे वेताळ म्हणून माहीत असलेला फँटम आणि त्याचा सख्खा शेजारी मँड्रेक हेही तिकडेच. साहसकथा आणि जुन्या मालिकांच्या चाहत्यांना कॉमिक्स किंगडम जवळची वाटेल. चार चौकटींत विनोद संपवणाऱ्या पट्ट्यांची निवड मला गोकॉमिक्सवर सरस वाटते.

अशा साइटचं खरं बळ म्हणजे साठा. पीनट्सची पहिली पट्टी २ ऑक्टोबर १९५० ची आणि शेवटची १३ फेब्रुवारी २००० ची. एकूण १७,८९७ पट्ट्या, त्याही एकाच माणसाच्या हातच्या. चार्ल्स शुल्झ यांचं निधन त्या शेवटच्या पट्टीच्या आदल्या दिवशी झालं. एवढा ऐवज कुठलंही वर्तमानपत्र वाचकापुढे ठेवू शकत नाही. गोकॉमिक्सवर प्रत्येक पट्टीच्या पत्त्यातच तिची तारीख असते. त्यामुळे कुणाला दुवा पाठवला तरी ‘ही कधीची?’ हा प्रश्न उरत नाही.

रविवारच्या पट्टीचा फायदा आणखी वेगळा आहे. जागा वाचवायची झाली तर संपादकाला वगळता यावी म्हणून रविवारच्या पट्टीची वरची ओळ बऱ्याचदा मुद्दाम बिनमहत्त्वाची ठेवली जाते. छापील पानावर वाढलेल्या कित्येकांनी आपल्या आवडत्या पट्टीची ती ओळ कधी पाहिलेलीच नसते. कॅल्व्हिन अँड हॉब्जचे चित्रकार बिल वॉटरसन या काटछाटीशी भांडले आणि १९९२ पासून त्यांनी कॅल्व्हिनसाठी न तोडता येणारं अर्धं पान मिळवलं. त्यानंतरच्या रविवारच्या पानांची मांडणी बघितली की ते का भांडले ते कळतं. ऑनलाइन ही कात्री लागत नाही. दैनंदिन पट्ट्यांना वेबसाठी नंतर भरलेले रंग मात्र मला रुचत नाहीत. काळ्या-पांढऱ्यासाठी काढलेली रेघ रंगाखाली गुदमरते.

एक खबरदारी घ्यायला हवी. ‘आजची पट्टी’ आज काढलेली असेलच असं नाही. कॅल्व्हिन अँड हॉब्ज ३१ डिसेंबर १९९५ ला संपली. तेव्हापासून जे चालू आहे ते पुनर्मुद्रण. डून्सबरीची २०१४ पासून फक्त रविवारची पट्टी नवी असते. लिन जॉन्स्टन यांनी ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ची कथा २००८ मध्ये संपवली आणि मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. अशा पट्टीखालच्या प्रतिक्रिया वाचणं हा अजब अनुभव असतो. त्या मालिकेतल्या कुटुंबाचा फार्ली कुत्रा १९९५ साली पाण्यात बुडणाऱ्या मुलीला वाचवताना जीव गमावतो, हे जुन्या वाचकांना पाठ असतं. नवा वाचक मात्र त्याच्या खोड्यांवर हसत असतो. पुढची गोष्ट आधी कळू नये असं वाटत असेल तर पुनर्मुद्रित मालिकेच्या प्रतिक्रियांपासून दूरच राहिलेलं बरं.

नव्या पट्टीखाली लिहितानाही वेळेचं गणित ध्यानात असू द्यावं. दैनंदिन पट्टी प्रसिद्धीच्या काही आठवडे आधी तयार होते, रविवारची त्याहूनही आधी. २०२० च्या महासाथीत जग घरात बंद झालं होतं, तरी कितीतरी पट्ट्यांतली पात्रं आठवडेच्या आठवडे बिनधास्त शाळेत आणि कचेरीत जात होती. ‘कालच्या घटनेवर हे गप्प का?’ असं पट्टीच्या चित्रकाराला विचारण्यात काही हशील नाही.

चर्चेचा दर्जा पट्टीगणिक बदलतो, साइटगणिक नव्हे. जुन्या पट्टीखाली तीच ती मंडळी रोज जमतात, एकमेकांची खोड ओळखून असतात, आणि नव्या माणसाला रुळायला थोडा वेळ लागतो. बदल झाला की हीच मंडळी खवळतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये नॅन्सी ओलिव्हिया जेम्स या टोपणनावाने काढणाऱ्या चित्रकर्तीकडे गेली आणि पट्टीत मोबाइल, इंटरनेट असं सगळं शिरलं. जुने वाचक नाराज झाले, तर ज्यांनी आयुष्यात नॅन्सी वाचली नव्हती ती तरुण मंडळी समाजमाध्यमांवर तिच्या प्रेमात पडली. पट्टी तीच, पण तिच्याबद्दलचं मत तुम्ही कुठे वाचता त्यावर ठरत होतं.

पैशांचं सांगायचं तर फुकटचा काळ सरत आलाय. गोकॉमिक्सने २०२५ मध्ये मोफत वाचन बरंच आवळलं आणि कॉमिक्स किंगडमवरही पूर्ण साठ्यासाठी सदस्यत्व लागतं. नुसती आजची पट्टी बघणाऱ्याला ही वर्गणी जड वाटेल. मागचं सगळं चवीने वाचणाऱ्याला ती खुशाल भरावीशी वाटेल.

गॅरी लार्सन यांच्या ‘द फार साइड’ या एका चौकटीच्या विनोदी चित्रमालिकेचा मार्ग निराळा. आपली चित्रं परस्पर इंटरनेटवर टाकू नका, अशी विनंती त्यांनी वर्षानुवर्षं केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये स्वतःची साइट उघडली. तिथे रोज निवडक चित्रं मिळतात. ज्यांना चर्चा नकोच आहे त्यांच्यासाठी उत्तम.

वर्तमानपत्राची साइट

वर्तमानपत्राची वर्गणी आधीच भरत असाल तर पट्ट्यांचं पान त्यातच येतं, एवढाच याचा मोठा गुण. निवड मात्र संपादकाची, किंवा हल्ली त्याच्याही वरच्या कंपनीची. २०२२ मध्ये ली एंटरप्रायझेस या अमेरिकी कंपनीने आपल्या कितीतरी वर्तमानपत्रांतल्या पट्ट्या कमी करून सगळीकडे एकसारखं पान लावलं. वाचकाची रोजची पट्टी एका सकाळी नाहीशी होते, ती अशी. फक्त पट्ट्यांसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

राजकीय व्यंगचित्राचं गणित उलटं

इथे वर्तमानपत्राचं पारडं जड असायला हवं. शेजारी बातमी असते, तारीख असते, संपादकाची नजर असते. पण गेल्या काही वर्षांत व्यंगचित्रकाराखालची ही जमीनच सरकत चालली आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीने एका वादग्रस्त चित्रानंतर जुलै २०१९ पासून रोजची राजकीय व्यंगचित्रं बंद केली. जुलै २०२३ मध्ये मॅक्लॅची या अमेरिकी वृत्तपत्र समूहाने आपले व्यंगचित्रकार जॅक ओहमन, जोएल पेट आणि केव्हिन सायर्स या तिघांना एकाच दिवशी घरी पाठवलं. तिघेही पुलित्झर हा अमेरिकी पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळवलेले. पुलित्झरच्या यादीतला १९२२ पासूनचा ‘संपादकीय व्यंगचित्र’ हा विभागही २०२२ मध्ये नाव बदलून व्यापक करण्यात आला. चित्रांतून केलेलं वार्तांकन आणि भाष्य आता त्यातच येतं.

जानेवारी २०२५ चं उदाहरण तर निवड करणाऱ्याने लक्षात ठेवावं असं आहे. वॉशिंग्टन पोस्टच्या व्यंगचित्रकार ॲन टेलनेस यांनी जेफ बेझोस आणि इतर धनाढ्य मंडळी ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे पैशांच्या थैल्या घेऊन गुडघे टेकताहेत, असं चित्र रेखाटलं. बेझोस यांच्याच मालकीच्या पोस्टने ते नाकारलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते कच्चं रेखाटन सबस्टॅक या न्यूजलेटर चालवण्याच्या साइटवरच्या आपल्या न्यूजलेटरमध्ये प्रसिद्ध केलं. पोस्टपुरतं वाचणाऱ्याला ते चित्र पानावर दिसलंच नसतं. वर्तमानपत्रात काय छापून आलं ते वाचकाला दिसतं. काय छापलं गेलं नाही, हे कळायचा रस्ता चित्रकाराकडूनच जातो. त्याच वर्षी पुलित्झरही त्यांनाच मिळालं.

म्हणून राजकीय व्यंगचित्रासाठी माझा कौल चित्रकाराच्या न्यूजलेटरला. चित्राबरोबर दोन ओळींचं टिपण येतं, कधी रद्द केलेली रेखाटनं दिसतात, आणि प्रतिक्रियेला चित्रकार स्वतः उत्तर देण्याची शक्यता असते. कोणी लिहावं हे तोच ठरवतो. काही जण ती सोय फक्त वर्गणीदारांना ठेवतात, त्यामुळे गोंगाट आपोआप कमी होतो. तोटे दोन. पाच चित्रकार आवडले तर पाच वर्गण्या. आणि आपण निवडलेले पाचही बहुधा आपल्याच मताचे निघतात, म्हणजे टीका ज्याच्यावर व्हावीशी वाटते त्याच्यावरच ती रोज होत राहते. हा दुसरा तोटा मला जास्त खुपतो. त्यावर उपाय म्हणून एखादी संकलन करणारी साइट जोडीला ठेवावी. डॅरिल केगल यांची केगल डॉट कॉम एकाच विषयावरची अनेकांची चित्रं शेजारी शेजारी मांडते, तर नेदरलँड्सची कार्टून मूव्हमेंट जगभरच्या व्यंगचित्रकारांची दारं उघडते. गोकॉमिक्सवरही राजकीय चित्रं आहेत, पण त्यांच्याखालची चर्चा चित्र सोडून लगेच पक्षावर घसरते.

तरीही परक्या देशातलं व्यंगचित्र वाचताना या प्रतिक्रियाच कामी येतात. अमेरिकी चित्रातला हत्ती म्हणजे रिपब्लिकन आणि गाढव म्हणजे डेमोक्रॅट, हा एकोणिसाव्या शतकात टॉमस नास्ट यांनी रूढ केलेला संकेत बहुतेकांना ठाऊक असतो. पण कोपऱ्यातला टोपीवाला कोण, हे बाहेरच्या वाचकाला कसं कळणार? ‘हा संदर्भ कळला नाही’ असं सरळ विचारलं तर भांडण थांबवून कोणीतरी उत्तर देतंच. मत नोंदवण्यापेक्षा हा उपयोग मला मोलाचा वाटतो.

समाजमाध्यमांचं थोडक्यात. चित्र सगळ्यात आधी तिथे दिसतं आणि फुकट दिसतं. पण फिरता फिरता तारीख गळते, सही कापली जाते, तीन वर्षांपूर्वीचं चित्र आजच्या बातमीवर चिकटवलं जातं. उपहास आणि ज्याचा उपहास केला ती गोष्ट यातला फरक स्वयंचलित चाळणीला कळतोच असं नाही, त्यामुळे भलतंच चित्र अडकतं. लिहिणारे चित्राला नव्हे, चित्रातल्या नेत्याला उत्तर देत असतात. अपवाद आहेत. बर्कली ब्रीदेड यांनी १९८९ मध्ये थांबवलेली ब्लूम काउंटी २०१५ मध्ये थेट फेसबुकवर पुन्हा सुरू केली आणि तिचं घर खरोखरच तिथे होतं. एरवी नवं चित्र आल्याची खबर मिळवण्यापुरता या माध्यमांचा उपयोग करावा आणि प्रतिक्रिया मूळ जागी जाऊन लिहावी.

तेव्हा पट्टीवेड्याने ज्या सिंडिकेटकडे आपली मुख्य पट्टी आहे तिचंच सदस्यत्व घ्यावं, दोन्हींचं एकदम नको. राजकीय चित्रांच्या वाचकाने दोन न्यूजलेटर घ्यावीत, त्यातलं एक आपल्याला न पटणाऱ्याचं, आणि एक संकलनाची साइट. वर्षाची वर्गणी भरण्याआधी महिन्याची घेऊन तीन गोष्टी तपासाव्यात: आपली पट्टी नवी चालू आहे की पुनर्मुद्रित, तिचा साठा पहिल्या दिवसापासून आहे की मधूनच सुरू होतो, आणि वर्गणी आपोआप पुढे चालू राहते का. ही शेवटची खूण खात्याच्या सेटिंगमध्ये असते; नको असेल तर पहिल्याच दिवशी काढून टाकावी.