उन्हाळ्यात मारलेला बोनेट-बंपरचा रंग, दिवाळीनंतरचा अनुभव

मे महिन्यात बोनेट आणि पुढचा बंपर रंगवून घेतला, तेव्हाच लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते. नाही लिहिलं तेच बरं झालं, कारण दिवाळीच्या आधी गाडी वॉशिंगला नेली, पोराने प्रेशरचा पाइप फॉगलॅम्पच्या कडेला धरला आणि अंगठ्याएवढा रंगाचा पापुद्रा सुटून पाण्याबरोबर गटारात गेला. खाली काळंभोर प्लास्टिक. मी पोराकडे बघतोय, पोरगं बंपरकडे बघतंय. "दादा, ते आधीच सुटलेलं होतं, मी काय केलं नाय." सगळे असंच म्हणतात म्हणून मी त्याला दोन शब्द बोललो, पण त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ते पुढे येईल.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, गडद राखाडी मेटॅलिक, सातवं वर्ष चालू. राहायला साताऱ्यात, कामामुळे पुणे आणि कराड कायम. ज्यांचं जाणं-येणं हायवेवर आहे त्यांना खडीचं वेगळं सांगायला नको. कराडच्या बाजूला सहापदरीकरणाची डायव्हर्जनं आणि डंपर. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना काही होत नाही, तिथे ट्रकच्या मागे रांगतच यायचं असतं, मार बसतो तो घाट उतरून वेळे-सुरूरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर, जिथे सगळे एकदम मोकळे सुटतात. सहा वर्षांत बोनेटची पुढची कड देवी आल्यासारखी झाली होती. काही ठिकाणी नुसता वरचा रंग उडालेला, काही ठिकाणी बारीक तांबूस ठिपके, म्हणजे गंज.

त्या तांबूस ठिपक्यांमुळेच मी हाललो, दिसण्यासाठी नाही. पत्र्यावर कंपनी सगळ्यात खाली जो ईडी कोट देते (अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेवर चढवतात तो) तो एकदा दगडाने फुटला की गंज आतून पसरतो आणि वरचा रंग उचलायला लागतो. मधले दोन पावसाळे बायकोच्या ट्रान्स्परंट नेलपॉलिशवर काढले, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं टिकलं ते. पण ठिपके वाढत गेले तशी बाटलीही संपत गेली आणि घरात विषय निघाला.

आता पैसे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बोनेट आणि बंपर मिळून जीएसटीसकट चौदा हजारांच्या वर आकडा सांगितला. वर काउंटरवरची मॅडम म्हणाली इन्शुरन्समधून करा ना सर, तुम्हाला काहीच पडणार नाही. काहीच पडणार नाही कसं? माझा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर आहे. तो २०, २५, ३५, ४५ करत तिथपर्यंत पोचायला पाच वर्षं लागतात, आणि एक क्लेम केला की सरळ शून्य. शिवाय हजार रुपये कंपल्सरी डिडक्टिबल खिशातून, आणि झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा. एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात, म्हणजे तो फटका फार मोठा नसतो, पण बोनस जातो तो जातोच. शिवाय सर्व्हेअर दगडाच्या ठिपक्यांना अपघात मानेल की वापरातली झीज म्हणेल हा वेगळाच वाद. पुढच्या प्रीमियमचा हिशोब कागदावर मांडला आणि क्लेमचा नाद सोडला.

मग एमआयडीसीकडचं एक गॅरेज. नाव लिहीत नाही, कारण शिव्या आणि कौतुक दोन्ही आहे आणि मला तिथे परत जायचंय. मालक तरुण आहे, गोड बोलतो. पेंटर मिस्त्री म्हातारा, त्याला सगळे मामा म्हणतात, कमी बोलतो. आकडा साडेसात हजार, आणि बूथमध्ये (रंगाच्या बंद खोलीत) मारायचं असेल तर बाराशे वेगळे. मी म्हणलं मे महिना आहे, वावटळ उठते, धूळ बसेल, बूथमध्येच मारा. हे बाराशे लक्षात ठेवा.

पहिल्यांदा कौतुकाचं सांगतो, ते मनापासून आहे. मला सगळ्यात जास्त भीती रंग जुळण्याची होती. मेटॅलिक राखाडी म्हणजे समोरून सेम दिसतो आणि तिरकं बघितलं की बोनेट एका गाडीचं, फेंडर दुसऱ्या गाडीचं. गाडीवरचा कलर कोड बघून दुकानवाला मशीनवर ग्रॅममध्ये मोजून रंग बनवून देतो, पण तो नव्या गाडीचा रंग, आपली गाडी ऊन खाऊन बसलेली. मामाने आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारला, सुकवला, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारला, तुकडा फेंडरला टेकवून उन्हात धरला, मग सावलीत, मग खाली बसून तिरका. मान हलवली आणि परत गेला. रंगात थेंब थेंब काहीतरी घालून परत तेच. मी कंटाळून चहाला जाऊन आलो तरी चालूच. शेवटी दोन्ही फेंडरवर थोडा थोडा बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) विरवत नेला आणि क्लिअर पूर्ण फेंडरला मारला, त्याचे पैसे वेगळे लावले नाहीत. आज सात-आठ महिन्यांनी, आनेवाडी टोलच्या रांगेत भर दुपारच्या उन्हात उभा राहूनही मला जोड सापडत नाही. बोनेटवर जिथे पत्रा उघडा पडला तिथे आधी इपॉक्सी प्रायमर मारलेला मी डोळ्याने बघितला, आणि गंज एकाही जागी परत आलेला नाही. हा आख्खा पावसाळा काढलाय साताऱ्याचा, कासला दोनदा भिजत जाऊन आलोय.

आता चिलट.

बोनेटवर, ड्रायव्हरच्या बाजूला, जिथे उंचवटा आहे त्याच्या थोडं अलीकडे, क्लिअर कोटच्या खाली एक चिलट आहे. पंखासकट. गाडी घरी आणली त्या दिवशी दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन समोरून आलं आणि दिसलं, आणि तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाही. बायकोला दाखवलं, तिला दिसेना. मेव्हण्याला दाखवलं, तो म्हणाला धूळ आहे, मग मोबाइलने झूम करून दाखवलं तेव्हा म्हणाला हो, पाय पण आहे. बरोबर माझ्या नजरेच्या रेषेत आहे ते. खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतारावर लागलो की तिथल्या वळणाकडे लक्ष पाहिजे माणसाचं, आणि माझं चिलटाकडे.

आता कुणी म्हणेल एवढंसं चिलट, सोडून द्या. पण बूथ म्हणजे काय? आत येणारी हवा गाळलेली, दार बंद, फवारा बाहेर ओढणारा पंखा. बाराशे रुपये त्याचेच होते ना? मग हे आत आलं कुठून? हे मी मालकाला विचारलं तर तो हसला, म्हणाला सर, संध्याकाळी लाइट लागली की येतात, दार उघडझाप होते. मग दार उघडझाप होणाऱ्या खोलीचे बाराशे का? यावर उत्तर नाही. मामा म्हणाला, "साहेब, दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासतो, कंपाउंड मारतो, निघालं तर निघालं." आणि नाही निघालं तर? "मग बोनेट परत." क्लिअरचा थर असतो ४०-५० मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चिलट त्यात किती खोल बसलंय हे घासल्याशिवाय कळणार नाही, आणि घासता घासता बेसला लागलं की काळपट डाग पडणार. चांगल्या जुळलेल्या रंगाला हात लावू द्यायची माझी तयारी नाही. चिलट राहू दे. बाराशे परत पाहिजेत, एवढंच.

हा चिलटाचा भाग मी गणपतीच्या सुमाराला लिहून ठेवला होता, शेवट राहिला होता. तेव्हा मत असं होतं की काम उत्तम, मालक चालू. आता उलटं थोडं.

पापुद्रा उडाल्यावर गाडी तशीच ओली गॅरेजला नेली. मालकाचं पहिलं वाक्य, "प्रेशर मारल्यावर कुणाचाही उडतो सर." मी म्हणलं नवा रंग पहिले काही आठवडे जपायचा असतो, प्रेशर नाही, वॅक्स नाही, ते मी जपलं, आता मे जाऊन दिवाळी आली, अजून किती कच्चा आहे? तर म्हणे गॅरंटी रंगाची आहे, पाण्याची नाही. हे वाक्य मी शब्दशः लिहितोय. साताऱ्यात राहून पाण्याची गॅरंटी नाही! आवाज चढले, शेजारचा टायरवाला येऊन उभा राहिला. तेवढ्यात मामा आला, वाकला, उडालेल्या जागेच्या कडेवरून नख फिरवलं, अजून थोडा रंग सुटला, आणि मालकासमोरच म्हणाला, "इथं प्रायमर गेलाच नाही. लॅम्प काढला नव्हता पोरांनी, टेप लावून मारलंय."

सगळा खेळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर. बंपरच्या प्लास्टिकला रंग असाच धरत नाही, त्याला वेगळा प्लास्टिक प्रायमर लागतो. जुना रंग शाबूत असेल तिथे नवा रंग जुन्याला धरून बसतो, पण दगडाने उडून किंवा घासून प्लास्टिक उघडं पडलंय तिथे प्रायमर नसेल तर रंग नुसता वर टेकलेला असतो. फॉगलॅम्पची फ्रेम न काढता टेप लावली की तिच्या कडेला ना पॉलिश पेपर पोचत, ना पुसायचं फडकं, त्या खाचेत वॉशिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं चोपडलेलं पॉलिश तसंच. टेप काढली की रंगाची उभी कड राहते, पाणी तिथून आत. वॉशिंगच्या पोराने फक्त शेवटचं काम केलं. नंतर त्याला जाऊन सांगितलं मी, तुझं बरोबर होतं रे, तो म्हणाला रोजच्या दोन-तीन गाड्या अशा असतात दादा, सगळ्या टेपवाल्या.

म्हणून कुणी आता रंगाला टाकणार असेल तर बूथ आहे का हे नंतर विचारा. आधी विचारा लॅम्प, ग्रिल, नंबर प्लेट, वॉशरचे नोझल काढून मारणार की टेप लावून, आणि ते बिलावर लिहून घ्या. काढ-घालीला अर्धा दिवस जातो, क्लिपा तुटतात, त्या भराव्या लागतात, म्हणून कुणी आपणहून काढत नाही. बोनेटला मामाने स्वतः नोझल काढलेले, तिथे रंग आजही जसाच्या तसा. बंपर पोरांकडे दिला, तिथे निघाला.

मामा बोलल्यावर मालकाला मागे हटायला जागा उरली नाही. बंपर फुकट करून देतो म्हणाला. या वेळी बंपर पूर्ण उतरवला, आणि मला गाडी लागत होती म्हणून दोन दिवस बंपरशिवाय फिरवली, गोडोलीत निम्म्या लोकांनी विचारलं कुठं ठोकली. पण खरा धक्का पुढेच होता. मी धरून चाललो होतो की आता रंग परत जुळवायचा म्हणजे फरक पडणार. मामाने कपाटातून एक डबा काढला, त्यावर मार्करने माझ्या गाडीचा नंबर. मे महिन्यात जुळवलेला बेस, उरलेला, घट्ट झाकण लावून ठेवलेला. हार्डनर क्लिअरमध्ये पडतो, बेस तसाच राहतो, म्हणून टिकला. बंपर आता बोनेटपेक्षा भारी झालाय, एक खाच, एक कड चुकलेली नाही. डब्यात तळाला राहिलेला रंग त्याने औषधाच्या बाटलीत ओतून मला दिला, टचअपला. असला माणूस तिथे आहे म्हणून मी नाव लिहीत नाही, नायतर मालकाचं लिहिलं असतं.

टिकाऊपणाबद्दल फार आशा ठेवू नका. कंपनीत नुसता पत्रा असतो, तो १४० डिग्रीच्या आसपास भाजतात. आपल्या गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक सगळं बसवलेलं, गॅरेजच्या बूथमध्ये साठेक डिग्रीच्या वर जाता येत नाही. नवे ठिपके आलेत, बोनेटच्या कडेला, बाटलीतल्या रंगाने काडेपेटीच्या काडीवर घेऊन बुजवले. सिरॅमिक कोटिंग घ्या म्हणून फोन येतात, त्याने चमक येते, दगड अडत नाही. दगड अडवते ती पीपीएफची (रंगावर चिकटवायची पारदर्शक) फिल्म, तिचा बोनेट-बंपरचा भाव विचारला तर रंगाच्या दुप्पट निघाला. त्यापेक्षा डंपर दिसला की १०० वरून ८० वर येतो आणि लांब राहतो. मार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० ला बसणारा दगड ८० च्या जवळजवळ दीडपट जोरात बसतो, आणि हा उपाय फुकट आहे, उलट पेट्रोल वाचतं.

बाराशेपैकी सहाशे मालकाने पुढच्या कामात वळते करतो म्हणून बिलाच्या मागे लिहून सही करून दिलीय. उरलेल्या सहाशेचं बोलणं चालू आहे. डाव्या फॉगलॅम्पची एक क्लिप काढताना तुटली ती पुण्याहून मागवलीय म्हणतो, सोमवारी बोलावलंय, तेव्हा दोन्ही विषय एकदम काढणार.