पोर्शे केमनला डीएस२५०० ब्रेक पॅड आणि साधे रोटर (ब्रेकच्या डिस्क), तीन महिन्यांनंतर

गाडी रोज ऑफिसला जात नाही, पण ताम्हिणी, महाबळेश्वर चालूच असतं आणि वर्षातून एकदा ग्रेटर नोएडाचा रेस ट्रॅक, बुद्ध सर्किट. तिथल्या एक किलोमीटरच्या सरळ पट्ट्यानंतर ब्रेक मारला की जुने पॅड चौथ्या लॅपला हात वर करायचे, पाय दाबतोय आणि गाडी आपली चाललीये, पोटात गोळाच. म्हणून फेरोडो डीएस२५०० घेतले, हे ५०० डिग्रीपर्यंत टिकतात आणि मुख्य म्हणजे सकाळी गार असतानाही पकडतात, प्युअर रेसिंग पॅडचं तसं नसतं, ते तापल्याशिवाय कामच करत नाहीत.

रोटरसाठी दुकानदार भोकवाले घ्या म्हणून मागे लागला होता, दिसतात भारी हो, पण मित्राच्या गाडीत भोकाभोवती केसासारख्या चिरा बघितल्यात मी, त्यामुळे साधे व्हेंटिलेटेडच (आतून हवा खेळणारे) टाकले. जुन्याची जाडी मोजली तर डिस्कवरच कोरलेल्या मिनिममच्या खाली गेलेली!

बेडिंग, म्हणजे नवीन पॅड डिस्कवर नीट बसवून घेणं, ते मात्र नीट करा राव. रिकाम्या रोडवर ब्रेक मारत १०० च्या स्पीडवरून ३० वर आठ-दहा वेळा, पूर्ण थांबायचं नाही, मग ब्रेक न लावता गार होईस्तोवर फिरवायची. ब्रेक फ्लुइडही बदला, डॉट ४ ग्रेडचं नवीन असताना २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषलं की १५५ वर येऊ शकतं.

ट्रॅकवाला पॅड कुठल्याही कंपनीचा घ्या, काळी धूळ येणारच. आमचे वॉचमन काका विचारत होते, साहेब चाकं रंगवली का?