तापकीर गल्लीतलं पार्ट्सचं दुकान : माल भारी, भाव डॉलरच्या हातात

पुण्यात तापकीर गल्लीत आतल्या बाजूला जे इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचं चिंचोळं दुकान आहे, भिंतभर रेझिस्टरचे ड्रॉवर, त्याबद्दल लिहितोय. व्हरायटी जबरदस्त. बोर्ड, सेन्सर, चार्जर मॉड्यूल, सोल्डरिंग गन सगळं मिळतं आणि एकच नग घेतला तरी तोंड वाकडं करत नाहीत, पेठेत हे विशेषच म्हणायचं. लिथियम सेल घेतला की काका स्वतः मल्टिमीटर लावून व्होल्टेज दाखवतात, कमी असला तर न सांगता बाजूला टाकतात.

तक्रार एकच, भाव. तोच ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर) दर वेळी वेगळ्या रेटला. विचारलं तर काका म्हणतात, "नवीन लॉट आहे, डॉलर चढलाय, मी काय करू?" आणि ते थाप मारत नाहीयेत हो, चिप शांघायच्या कंपनीची, सेल चीनचे, देशी म्हणजे वायर आणि पत्र्याचे डबे. २०२४-२५ मध्ये नुसत्या चीनशी आपली व्यापार तूट, म्हणजे निर्यातीपेक्षा जास्तीची आयात, ९९ अब्ज डॉलर, सगळ्या मालाची मिळून २८३ च्या आसपास, त्यात सोनं आलं, कच्चं तेल आलं (८५ टक्क्यांच्या वर बाहेरून). सगळं बिल बहुतेक डॉलरमध्येच भरायचं, म्हणजे डॉलरला मागणी, रुपया दबतो, आणि पुढच्या लॉटला बोर्ड महाग.

तरी १९९१ सारखी देशाचं सोनं गहाण टाकायची वेळ येत नाही, कारण शनिवारी याच काउंटरवर गर्दी करणारी हिंजवडीची आयटीतली पोरं. सॉफ्टवेअर वगैरे सेवांमधून त्याच वर्षी १८८ अब्जांच्या आसपास शिल्लक, वर परदेशातून घरी पाठवलेले पैसे, म्हणून चालू खात्यातली तूट (माल, सेवा, घरी आलेले पैसे सगळं धरून उरलेली) जीडीपीच्या ०.६ टक्क्यांवरच थांबली.

बाकी 'चायना माल बंद करा'वाल्यांनी एकदा इथे उभं राहून बघावं. दिवाळीच्या माळा नाही आणल्या तर काही अडत नाही, पण माझा भोसरीचा मित्र इथल्या पार्ट्सवर कंट्रोल पॅनेल बनवून परदेशात पाठवतो, त्याचं काम ठप्प होईल. रुपया पडला की डॉलरमागे जास्त रुपये मिळून त्याला फायदा व्हायला पाहिजे ना, पण पार्ट्स महागल्यावर त्यातला बराचसा इथेच जातो.

पक्कं बिल मागून घ्या, जळालेला बोर्ड परत घेत नाहीत. पार्किंग विसरा, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत या. पाचपैकी चार.