तुरुंग की दंड?

सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात वाद रंगला: कर बुडवणाऱ्या ताऱ्यांना जरा जास्तच झोडपतात का?

हॉलिवूड अभिनेता वेस्ली स्नाइप्सने कराची विवरणपत्रंच भरली नाहीत. फसवणुकीच्या आरोपातून तो सुटला, तरी 2008 मध्ये 3 वर्षांची शिक्षा झाली आणि 2010 च्या डिसेंबरात तो खरंच आत गेला. मेस्सीवर 41 लाख युरो बुडवल्याचा ठपका होता. 2016 मध्ये 21 महिन्यांची शिक्षा लागली, पुढे तिचा 2,52,000 युरो दंड झाला. तुरुंग त्याने पाहिलाही नाही!

मला स्नाइप्सची शिक्षा जड वाटते, पण मेस्सीचा दंड म्हणजे निव्वळ चिल्लर. आमच्याकडे मिळकतकर थकला की महिन्याला 2 टक्के शास्ती, शिवाय लाज आणायला महापालिका दारात बँड वाजवते तो वेगळाच.